तळमजल्यावरचा चुडा

आमचा मॉल बंद पडला याचं पुण्यात कुणालाच वाईट वाटलं नाही, कारण तो चालू होता हेच निम्म्या पुण्याला ठाऊक नव्हतं. उरलेलं निम्मं पुणं तिथे येत असे, पण खरेदीला नाही. कुणी एसीत बसायला येई, कुणी स्वच्छतागृहासाठी, कुणी गावाहून आलेल्या सासूबाईंना सरकता जिना दाखवायला. स्पर्धा परीक्षांची मुलं फूड कोर्टात एका चहावर अख्खा दिवस काढत, आणि संध्याकाळी आजूबाजूच्या सोसायट्यांतले आजोबा तिन्ही मजल्यांवर मोजून चार फेऱ्या मारून, ‘आज गार जरा कमी होतं’ असं पहारेकऱ्याला ऐकवून घरी जात. बांधणाऱ्याने त्यातलं एकेक दुकान एकेकाला विकून टाकलं होतं. पाण्याच्या टाकीवर आठ बिऱ्हाडांचं एकमत होत नाही अशा शहरात एका इमारतीला शंभराच्या वर मालक! मधलं कारंजं चालू ठेवायचं की नाही, यावरच त्यांची पहिली दोन वर्षं गेली. तिसऱ्या वर्षी एकमत झालं, तेव्हा कारंज्याचा पंप गंजला होता.

सिंहगड रस्त्याने धायरीकडे जाताना ती इमारत अजून दिसते. काचांवर जुन्या सेलचे फलक तसेच आहेत, ‘शेवटचे तीन दिवस’ असं त्यांतल्या एकावर आहे, आणि ते तीन दिवस गेली कित्येक वर्षं चालू आहेत. तिचा इतिहास कुणी लिहील अशी आशा नाही. तिशी उलटली की पुण्यात माणूस आठवणी लिहायला बसतोच, तेव्हा म्हटलं आपणच लिहावं. तिथे तळमजल्यावर, सरकत्या जिन्याच्या पायथ्याशी आमची बांगड्यांची टपरी होती. मॉलवाले तिला कियॉस्क म्हणत. अम्मी पहिल्या दिवसापासून टपरीच म्हणाली आणि मी दर वेळी तिला दुरुस्त केलं. मला जी काही थोडीफार अक्कल आहे ती त्याच टपरीवर आली, आणि ती फार उशिरा आली.

आम्ही मणियार. मंडईच्या मागच्या गल्लीत खाली दुकान, वर दोन खोल्या. घरात दखनी, दुकानात मराठी, आणि भांडण असलं तर दोन्ही. सकाळी मला जाग यायची ती बांगड्यांच्या आवाजाने. अब्बा दोरीत ओवलेल्या लडी कानाशी धरून हलवत बसायचे. तडा गेलेली बांगडी बद्द वाजते. शंभरातली एक असली तरी अब्बांना ती ऐकू यायची, आणि स्वयंपाकघरातून अम्मीने तीनदा मारलेली हाक मात्र यायची नाही. खालून मंडईतल्या हातगाड्यांचा गलका, वर तव्यावरच्या भाकरीचा वास, आणि त्यात अम्मीचं पुटपुटणं: ‘काचेचं ऐकू येतं, माणसाचं नाही.’ ती लसणाची चटणी पाट्यावर वाटायची. मिक्सर घेऊन दिला तर त्यावर फडकं घालून ठेवला आणि पाहुण्यांना दाखवला.

बांगड्या विकणं वेगळं आणि बांगड्या भरणं वेगळं, हे हल्ली सांगावं लागतं. विकायला कुणीही विकतं. भरणारीने समोरच्या बाईचा हात हातात घ्यायचा, अंगठा आत दुमडायचा, बोटांच्या पेरांवरून दाबत हाडाचा अंदाज घ्यायचा, आणि काचेची बांगडी न फुटता, न खरचटता मनगटावर उतरवायची. अम्मीला हात बघताच माप कळायचं. चेहरे तिच्या लक्षात राहत नसत. रस्त्यात कुणी हसून नमस्कार केला की ती गोंधळायची, मग नजर हाताकडे जायची आणि ‘हां, अडीचवाल्या ताई!’ म्हणून तिला हायसं व्हायचं. भरताना तिचं एकच वाक्य असे: ‘हात सैल सोडा.’ बाई हाताकडे बघत राहिली तर हात कडक होतो, म्हणून तिला बोलण्यात गुंतवायचं. सुनेची तक्रार, मुलाची नोकरी, गुडघे. अर्ध्या पुण्याच्या गुडघ्यांची माहिती आमच्याकडे होती. पहिली बांगडी चढवण्याआधी ती ओठांतल्या ओठांत ‘बिस्मिल्ला’ म्हणायची. माझ्या दादीने, म्हणजे अब्बांच्या आईने, तिला हात दाबायला शिकवलं तेव्हा तेही शिकवलं होतं. भरून झालं की बायका वाकून नमस्कार करायच्या, तशी रीतच आहे, आणि अम्मी पाय मागे घेत ‘राहू द्या, राहू द्या, सुखी राहा’ म्हणायची. बांगडी फुटली असं आमच्याकडे कुणी बोलायचं नाही. वाढवली म्हणायचं.

आमच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक म्हणजे आपटेकाकू. त्यांच्या लग्नातला चुडा दादीने भरला होता, त्यांच्या मुलीचा अम्मीने. काकूंचा स्वभाव असा, की ईदेला शिरखुर्म्याचा डबा गेला की रिकामा डबा परत करताना म्हणायच्या, ‘काजू कमी घाल गं पुढच्या वेळी, दातात अडकतात.’ हेच त्यांचं आभारप्रदर्शन. हात पुढे केला की त्या डोळे मिटायच्या आणि अम्मीला विचारायच्या, ‘म्हटलंस का?’ अम्मी ‘म्हटलं, काकू’ म्हणाली की मगच मूठ उघडायच्या. एकदा घाईत लक्ष्मी रस्त्याला कुठेतरी भरून आल्या तर घरी पोचेपर्यंत दोन वाढवल्या. ‘तो मेला काही म्हणालाच नाही,’ एवढंच कारण त्यांनी दिलं.

आणि मी? मी बारावी झाले होते, रिटेलचा सहा महिन्यांचा कोर्स केला होता आणि मला या सगळ्याची लाज वाटत होती. सरळ लिहिते, उगाच शब्द फिरवायचं वय आता नाही. मला सतरंजीची लाज वाटायची, हात निसरडा करायच्या साबणाच्या वाटीची लाज वाटायची, गल्लीची तर वाटायचीच. माझ्या हातात घड्याळ असे, बांगडी कधी नाही. दुकानात गिऱ्हाईक कमी होत चाललं होतं. नव्या मुली ड्रेसवर जुळणारी धातूची कडी घालायच्या आणि लग्नापुरता चुडा, तोही पार्लरवालीकडून. तेव्हा मॉलची जाहिरात आली. मी अर्ज केला, खेटे घातले, आणि अब्बांना सांगितलं की आपल्याला मॉलमध्ये जागा मिळतेय. अब्बांनी हातातली लड खाली ठेवून विचारलं, ‘खिडकी आहे?’

‘मॉलला खिडक्या नसतात, अब्बा.’

‘मग हिरवा रंग कसा बघणार?’

मी कपाळावर हात मारला. आज दुकानात कुणी हिरव्या बांगड्या मागितल्या की मी त्या घेऊन उंबऱ्याबाहेर उजेडात जाते. पण तेव्हा मला वाटलं, या माणसामुळेच आपण गल्लीत राहिलो. अब्बा गल्लीत राहिले, मी अम्मीला घेऊन मॉलमध्ये गेले. अम्मी का आली, हे मी तेव्हा विचारलं नाही. एकटी मुलगी नको म्हणून माझ्या मागे आली असं मी धरून चालले.

मॉलचे मॅनेजर रोहनसर. अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचे, अत्यंत सभ्य, कुणावर आवाज न चढवणारे. त्यांच्या कंपनीने त्यांना पुणेकरांवर सोडलं होतं, याबद्दल मला आजही त्यांची कीव येते. पहिल्याच दिवशी त्यांनी माझा फॉर्म वाचला आणि हसून विचारलं, ‘नसीम... शॉर्ट काही आहे का? कस्टमरला सोपं पडतं.’ आता नसीम या नावात लांब काय आहे? तीन अक्षरं. सरांचं नाव तीनच अक्षरी होतं. पण मी एका श्वासात म्हणाले, ‘निशा.’ त्यांनी सुचवलं नव्हतं, माझ्या तोंडातूनच आलं, आणि इतकं चटकन आलं की जणू कधीपासून तयारच होतं. दोन दिवसांनी छातीवर लावायचा बिल्ला आला: निशा. अम्मीने तो हातात घेऊन वाचला. मराठी वाचायला तिला वेळ लागायचा, पण दोन अक्षरांना असा किती लागणार? तिने तो मला परत दिला आणि म्हणाली, ‘पिन नीट लाव, टोचेल.’ त्या दिवसापासून मॉलमध्ये तिने मला नावाने हाक मारली नाही. ‘अगं’ म्हणायची. मला तेही सोयीचंच वाटलं.

टपरी चारही बाजूंनी उघडी, वर दिवे, काचेचे खण. बांगड्या मापाप्रमाणे डब्यांत भरून त्यावर चिठ्ठ्या लावायच्या, असा नियम. गिऱ्हाईक यायचं, डबा उचलायचं, घालून बघायचं, अडकली की जोर लावायचं. मग टिक्कन आवाज यायचा आणि अम्मीचा जीव जायचा. ‘द्या इकडे हात’ म्हणून ती पुढे झाली तर मुली हात मागे घ्यायच्या. ‘नो थँक्स, आंटी.’ एका बाईने तर सरांकडे सांगितलं की तुमची स्टाफ अंगाला हात लावते. सरांनी मला बोलावून समजावलं, मी अम्मीला समजावलं, आणि ज्या बाईच्या हातांना अख्ख्या गल्लीत मान होता ती बाई दिवसभर ते हात मांडीवर ठेवून, स्टुलावर बसून सरकता जिना बघत राहिली. दुपारचा डबा आम्ही आगीच्या वेळी उतरायच्या जिन्यात बसून खायचो, कारण फूड कोर्टात घरचं खाणं चालत नसे. तिथला पहारेकरी वानखडे यवतमाळकडचा. त्याला लसणाच्या चटणीचा वास दोन मजल्यांवरून यायचा. ‘काऊन जी भाभी, आज मिरची जास्त पडली काय?’ असं म्हणत तो आपली पोळी घेऊन यायचा. मॉलमध्ये अम्मी मोकळेपणाने हसली असेल ती त्या जिन्यातच.

दुसऱ्या वर्षीच दुकानं गळायला लागली. आधी बुटांचं गेलं, मग चष्म्याचं, मग पहिला मजला दुपारीसुद्धा अंधारा. मालकांच्या सभा होत आणि सभेचा वृत्तांत मंजूर करण्यावरून पुढच्या सभा होत. रोहनसर बिचारे गर्दी जमवायला काय काय करत. एकदा जादूगार आणला. पुणेकरांनी जादू फुकट बघितली, युक्ती कशी केली ते एकमेकांना समजावून सांगितलं आणि निघून गेले. मग एक दिवस सर आमच्या टपरीशी आले, फार वेळ हिरव्या बांगड्यांकडे बघत राहिले आणि म्हणाले, ‘निशा, आपण चुडा इव्हेंट करू या का? खरी नवरी, खऱ्या बायका, सतरंजीवर. एकदम ऑथेंटिक.’ जमलं तर जिन्यासमोरचा रिकामा गाळा ते आम्हाला द्यायला तयार होते. खरा गाळा, शटरचा, वर पाटी लावता येईल असा. टपरीचा करार महिनाअखेर संपत होता. मला तो गाळा इतका हवा होता की रात्रंदिवस डोळ्यांपुढे शटर दिसायचं.

‘फक्त एक आहे,’ सर म्हणाले, ‘मम्मींना थोडं ट्रॅडिशनल दिसावं लागेल. नऊवारी, नथ. आणि आपण त्यांना कासारकाकू म्हणून इंट्रोड्यूस करू. मला पर्सनली काही प्रॉब्लेम नाही हं. पण कुणाचं मन दुखवायला नको.’ त्या काळात मला अनेक माणसं भेटली ज्यांना पर्सनली काही प्रॉब्लेम नव्हता. मी त्यांतली एक, हे लक्षात यायचं होतं.

घरी आले तेव्हा अम्मी कांदे चिरत होती. मी सगळं सांगितलं: गाळा, शटर, पाटी. शेवटी नऊवारीचं सांगितलं. मला वाटलं भडकेल. ती म्हणाली, ‘तुझी दादी जन्मभर नऊवारीच नेसली. नेसायला काय होतंय?’ मग सुरी थांबवून विचारलं, ‘लोकांना सांगणार काय, मी कोण म्हणून?’

‘कासारकाकू.’

‘आणि हलिमा?’ अम्मीने स्वतःचंच नाव घेतलं.

‘ती त्या दिवशी घरी राहिली असं समज ना, अम्मी! एका दिवसाचा तर प्रश्न आहे.’

मी हे बोलले. शब्द न् शब्द हाच. अम्मीने कांदा पुन्हा चिरायला घेतला आणि ‘तुला पाहिजे ना गाळा, मग नेसते’ एवढंच म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ते कांद्याचं, अशी मी सोयिस्कर समजूत करून घेतली. अब्बा लड हलवत होते. त्यांचा हात थांबला.

नवरी मीच मिळवली. आपटेकाकूंची नात मुग्धा हिचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. काकू तेव्हा मुलाबरोबर सिंहगड रस्त्यालाच राहायला गेल्या होत्या. मी फोन करून सांगितलं की मॉलतर्फे नवरीचा आणि घरच्या सगळ्या बायकांचा चुडा फुकट. ‘फुकट आहे म्हणून येत नाही हो,’ काकू म्हणाल्या, ‘मॉल जवळ पडतो म्हणून येते.’ आणि नातेवाईक, शेजारणी, भजनी मंडळ मिळून चाळीस बायका घेऊन आल्या. मॉलमध्ये एवढी माणसं मी उद्घाटनानंतर पहिल्यांदा बघत होते. तिन्ही मजल्यांच्या कठड्यांवर लोक रेलले होते. परीक्षावाली मुलंसुद्धा पुस्तकं मिटून आली होती.

अम्मी सतरंजीवर बसली होती. मी आणलेली हिरवी नऊवारी, मी लावलेली नथ, कपाळावर मी चिकटवलेली टिकली. साडीच्या काठाला सरांनी एक छोटा माईक अडकवला होता, म्हणजे बोलणं सगळीकडे ऐकू जाईल, ऑथेंटिक वाटेल. त्याची वायर सतरंजीखालून माझ्यापर्यंत आली होती, कारण आवाजाच्या पेटीशी मी उभी होते. काकू आल्या, अम्मीकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. काकू बघत राहिल्या, बघत राहिल्या, आणि म्हणाल्या, ‘नथ उजवीकडे घातलीय हिला कुणी? डावीकडे असते.’ बस्स, एवढंच. घातली मीच होती. मग गुडघ्यांना हात लावत शेजारी बसल्या.

एक निवेदिका होती, तिने ‘आपल्या लाडक्या कासारकाकू’ असं तीनदा म्हणून टाळ्या घेतल्या. मुग्धा समोर बसली, हात पुढे केला. अम्मीने तो घेतला, आणि तिच्यात काहीतरी बदललं. दीड वर्ष मांडीवर पडून राहिलेले ते हात कामाला लागले. ‘हात सैल सोड, बाळा. इकडे बघ, माझ्याकडे. मुलगा काय करतो?’ तिचा आवाज तिन्ही मजल्यांवर घुमला. ‘आयटीत आहे,’ मुग्धा म्हणाली. ‘मग घरी असतो का कधी?’ अख्खा मॉल हसला. रोहनसरांनी लांबून मला अंगठा दाखवला. माझ्या डोळ्यांपुढे शटर वर जाताना दिसत होतं. अम्मीने पहिली हिरवी बांगडी उचलली, अंगठा आत दुमडला, डोळे क्षणभर मिटले, आणि रोजच्यासारखं, ओठांतल्या ओठांत म्हणाली, ‘बिस्मिल्ला.’

ओठांतलं ते छतापर्यंत गेलं. फूड कोर्टात गेलं, पार्किंगमध्ये गेलं, जिन्यात वानखडेपर्यंत गेलं. अम्मीला माईक लक्षातच नव्हता. काम हातात आलं की तिला बाकी काही लक्षात राहत नसे. आणि मी काय केलं? कुणी काही म्हणायच्या आत, कुणी मान वळवायच्या आत मी खाली वाकले, वायर मुठीत गुंडाळली आणि उपटली. कर्णकर्कश किंचाळी उठली. वरच्या मजल्यावर लहान मुलं रडायला लागली, लोकांनी कान झाकले. चाळीस बायका, तीन मजले, सगळे माझ्याकडे बघत होते. तिने काय म्हटलं याकडे कुणाचं लक्ष होतं की नव्हतं देव जाणे. मी काय केलं ते मात्र सगळ्यांनी बघितलं होतं.

अम्मीने वर बघितलं. माझ्या मुठीकडे बघितलं. वायर इतकी आवळली होती की बोटं पांढरी पडली होती.

‘हात सैल सोड, नसीम,’ ती म्हणाली.

रोज जसं म्हणायची तसंच, त्याच आवाजात. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. भजनी मंडळातली एक बाई माझ्या बिल्ल्याकडे बघत म्हणाली, ‘अय्या, ही निशा ना?’ तेव्हा आपटेकाकू बोलल्या. ‘निशाबिशा काही नाही, नसीम आहे ती. जन्मली तेव्हा पहिलं झबलं मी शिवलंय तिला.’ मग अम्मीकडे वळून, ‘तू थांबलीस का गं? म्हटलंस ना? ऐकलं मी. सगळ्यांनीच ऐकलं. भर आता, मुलीचा हात अवघडलाय.’ आणि निवेदिका काहीतरी सावरून घ्यायला पुढे येत होती तिला, ‘तुम्ही जरा गप्प बसा हो.’

अम्मीने आधी नथ काढली. हात दाबताना आड येते, म्हणाली, आणि साबणाच्या वाटीशेजारी ठेवून दिली. मग मुग्धाच्या एका हातात दहा, एका हातात अकरा बांगड्या चढवल्या, एकही वाढवली नाही. त्यानंतर चाळीस बायका. प्रत्येकीच्या पहिल्या बांगडीला तिने ते म्हटलं, आणि आता ओठांत म्हटलं नाही, दुकानात गिऱ्हाइकाला ‘या’ म्हणतात तसं सरळ म्हटलं. मुग्धा वाकली, अम्मीने पाय मागे घेतले. ‘राहू द्या, राहू द्या, सुखी राहा.’ मी पेटीशी उभी होते. बिल्ला काढावा असं दहा वेळा वाटलं, पण सगळ्यांसमोर काढायचं धैर्यही माझ्यात नव्हतं. मी तो जिन्यात जाऊन काढला. वानखडे तिथे होता. ‘पाणी देऊ का जी?’ म्हणाला. मला रडू फुटलं ते त्याच्या त्या पाण्यावर.

रोहनसर दोन दिवस झोपले नाहीत. तक्रार येणार, वर्तमानपत्रात येणार, कंपनी विचारणार. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून तक्रारवही दाखवली. त्या दिवसाच्या पानावर दोन तक्रारी होत्या. एक, चुड्याचा कार्यक्रम फुकट असताना पार्किंगला पैसे का. दोन, सतरंजी स्वच्छ नव्हती. ‘बाकी कुणी काहीच लिहिलं नाही,’ सर म्हणाले, आणि त्यांच्या स्वरात थोडी निराशाच वाटली मला. गाळा मिळाला नाही. त्याचं कारण बिस्मिल्लाही नव्हतं आणि नथही नव्हती. गाळ्याचा मालक कोण यावरच दोन भावांचा वाद निघाला, तो अजून चालू असेल. महिनाअखेर आम्ही टपरी रिकामी केली. अब्बांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, ‘चुडा पुरा भरला ना?’ भरला म्हटल्यावर लड उचलून कानाशी धरली. पुढे दीड-दोन वर्षांत मॉलही गेला.

अब्बा आता नाहीत. गल्लीतलं दुकान मी चालवते, बांगड्या मीच भरते. अम्मीने शिकवलं, माझ्या हाताला वळण लागायला दोन वर्षं गेली. ती बाजूला खुर्चीवर बसून गिऱ्हाइकांच्या गुडघ्यांची चौकशी करते. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघी एका शब्दाने बोललो नाही. माफी मागायला मी बऱ्याचदा तोंड उघडलं, आणि दर वेळी तिने मध्येच काहीतरी काम सांगितलं. मला वाटायचं, ती विसरली असेल.

मागच्या महिन्यात मुग्धाच्या मुलीचं बारसं होतं. मुग्धा आता धायरीला राहते, तिने हट्टाने अम्मीला बोलावलं. परत येताना रिक्षा मॉलसमोर सिग्नलला थांबली. अम्मीने वाकून बाहेर बघितलं. ते शेवटचे तीन दिवस, त्या काचा, बंद दार. मग सरळ बसली, मांडीवरची पिशवी नीट केली आणि शेजारीपाजारी कुणाची चौकशी करावी तशा सुरात म्हणाली,

‘अगं, ती निशा काय करते हल्ली?’

सिग्नल सुटला, रिक्षावाल्याने गिअर टाकला.

‘गेली, अम्मी,’ मी म्हणाले. ‘मॉलबरोबरच गेली.’

‘बरं,’ अम्मी म्हणाली. माझा हात तिने मांडीवर ओढून घेतला, अंगठा आत दुमडला, पेरांवरून एकदा दाबून बघितला. ‘पोरगी वाईट नव्हती. हात तेवढा कडक होता तिचा.’